आदि-स्लाव ‘*नेबो’: एका आभाळाची व्युत्पत्ती आणि विभक्ती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रशियन शिकायला बसलेला मराठी माणूस पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ‘नेबो’ या शब्दाला भेटतो. अर्थ आकाश. ‘अरे, हे तर आपलं नभच!’ म्हणून तो खूश होतो. पुढे अनेकवचन येतं, ‘नेबेसा’, आणि खुशीची जागा शंका घेते: मधेच हा ‘एस’ कुठून उपटला? खालचे बहुतेक प्रश्न या दोन क्षणांतूनच निघालेले आहेत.

‘*नेबो’च्या आधी तारा का लावतात?

हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तो पुराव्यावरून उभा केलेला आहे, हे सांगायला. आदि-स्लाव ही सगळ्या स्लाव भाषांची आई, पण ती लिहिली गेली नाही. तिच्या लेकींकडे बघून आईचा चेहरा काढायचा, असं हे काम आहे. तारा लावण्याची ही पद्धत १९व्या शतकात ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने रूढ केली.

म्हणून तारा म्हणजे ‘अंदाजपंचे’ नव्हे. काही ताऱ्यांखाली खरंच भुसभुशीत जमीन असते, पण ‘*नेबो’ हा सगळ्यात भक्कम ताऱ्यांपैकी एक आहे.

भक्कम कशावरून?

रशियन, युक्रेनियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, स्लोव्हाक, मॅसिडोनियन: सगळीकडे ‘नेबो’ किंवा त्याच्या अगदी जवळचा उच्चार. पोलिशमध्ये ‘न्येबो’, चेक आणि बल्गेरियनमध्ये ‘नेबे’. अर्थ सगळीकडे आकाश, लिंग सगळीकडे नपुंसक. त्यात जुन्या चर्च-स्लाव भाषेची साक्ष मिळते. सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ साली मोराव्हियात गेले आणि त्यांच्या भाषांतरांतून ही पहिली लिखित स्लाव भाषा उभी राहिली. तिच्या १०व्या-११व्या शतकातल्या हस्तलिखितांत या नामाची जवळजवळ सगळी विभक्तिरूपं मिळतात. आदि-स्लाव नुकतीच फुटत असतानाची ही भाषा, त्यामुळे ‘*नेबो’साठी फारसा तर्क लढवावाच लागत नाही.

या पानावरची देवनागरी कशी वाचायची?

‘नेबेसे’मधले सगळे ए ऱ्हस्व. शब्दाच्या शेवटी किंवा मधे ऱ्हस्व वेलांटी-उकार दिसला तर तो अगदी पुसट, अर्धवट म्हटलेला स्वर. मूळच्या ऱ्हस्व इ-उ यांचीच ती झिजलेली रूपं, म्हणून आपली ऱ्हस्व मात्रा तिथे चपखल बसते. दीर्घ वेलांटी-उकार पूर्ण म्हणायचे. ‘सॅ’मधला ॅ ‘बॅट’मधल्यासारखा. ‘ख’ घशातून घासत येणारा, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा.

आता मुख्य प्रश्न. ‘नेबो’चं ‘नेबेसा’ होताना ‘एस’ कुठून येतो?

येत नाही, तो आधीपासूनच तिथे आहे. गेलाय तो एकवचनातल्या प्रथमेतून.

मूळ इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव या सगळ्यांच्या समाईक पूर्वज भाषेत) हे नाम सकारान्त, म्हणजे स्-ने संपणारं, होतं: प्रथमेत ‘*नेभोस्’, इतर विभक्तींत ‘*नेभेस्-’ आणि पुढे प्रत्यय. संस्कृत शिकलेल्यांना हे नवीन नाही. नभस्, मनस्, तपस्, यशस् ही सगळी याच घराण्यातली सकारान्त नपुंसकलिंगी नामं.

पुढे आदि-स्लाव भाषेला एक खोड लागली: प्रत्येक अक्षर स्वरावरच संपलं पाहिजे. शब्दाच्या टोकाला असलेली व्यंजनं एकामागून एक गळून पडली. ‘*नेभोस्’मधला स् अगदी टोकाला होता, तो गेला आणि ‘नेबो’ उरलं. पण ‘नेबेसे’मध्ये त्याच स्-च्या पुढे स्वर होता. तिथे तो टोकाला नव्हताच, म्हणून वाचला. पावसाची झड लागली की पागोळ्यांखालचा भिजतो आणि आतल्या खोलीतला कोरडा राहतो, तसं.

मराठी माणसाला हे शिकवायला खरं तर सोपं जावं, कारण आपणही तेच केलं आहे. ‘नभस्’ची शेपटी तोडून आपण ‘नभ’ म्हणतो, ‘मनस्’चं ‘मन’, ‘तपस्’चं ‘तप’. पण ‘मानसिक’, ‘तपस्वी’, ‘यशस्वी’ म्हणायची वेळ आली की तोच स् परत हजर. ‘यश’मध्ये कुठे आहे तो? ‘यशस्वी’मध्ये कुठून आला? नेमका हाच प्रश्न ‘नेबो-नेबेसा’बद्दल विचारला जातो, आणि उत्तरही तेच. (फरक एक आहे: आपल्याला हे शब्द संस्कृतातून तयार मिळाले, स्लावांना आपल्याच तोंडात झिजून मिळाले.)

आणखी एक सोय आपल्याकडे आहे. प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो, हे मराठीला मुळीच नवखं नाही. ‘पाऊस’चं ‘पावसाला’, ‘सासू’चं ‘सासवेला’. शाळेत त्याला सामान्यरूप म्हणतात. ‘नेबेस-’ हे ‘नेबो’चं सामान्यरूप आहे असं मनाशी धरलं तर पुढचा तक्ता पाठ करायला फार वेळ लागत नाही.

पूर्ण नाम चालवून दाखवा.

एकवचन
प्रथमा, द्वितीया, संबोधन: नेबो
तृतीया: नेबेसिमि
चतुर्थी: नेबेसी
षष्ठी: नेबेसे
सप्तमी: नेबेसे

द्विवचन
प्रथमा, द्वितीया, संबोधन: नेबेसॅ
तृतीया, चतुर्थी: नेबेसिमा
षष्ठी, सप्तमी: नेबेसू

अनेकवचन
प्रथमा, द्वितीया, संबोधन: नेबेसा
तृतीया: नेबेसी (हा शेवटचा ‘ई’ जीभ मागे ओढून म्हणायचा, देवनागरीत त्याला वेगळं अक्षर नाही. एकवचनी चतुर्थीतला ‘ई’ साधा.)
चतुर्थी: नेबेसिमु
षष्ठी: नेबेसु
सप्तमी: नेबेसिखु

पंचमी राहून गेली असं समजू नका. आदि-स्लावमध्ये ती षष्ठीत विरघळली आहे. द्विवचन मात्र शाबूत आहे. दोन आकाशांबद्दल कोण कधी बोललं असेल, हा प्रश्न वेगळा. व्याकरण तशी चौकशी करत नाही.

या तक्त्यातली कुठली रूपं संस्कृतशी जुळतात?

काही अगदी गळ्यात गळे घालून उभी आहेत. अनेकवचनी षष्ठी ‘नेबेसु’ आणि ‘नभसाम्’ यांच्या तळाशी एकच घडण आहे: नेबेस्/नभस् + स्वर + म्. स्लावमध्ये टोकाचा म् गळाला आणि स्वर आक्रसला. एकवचनी षष्ठी ‘नेबेसे’ आणि ‘नभसः’ यांचंही तेच.

जिथे जुळत नाही तिथे मला जास्त मजा वाटते. तृतीया-चतुर्थीच्या प्रत्ययात संस्कृतात ‘भ’ आहे: नभोभिः, नभोभ्यः. स्लावमध्ये त्या जागी ‘म’: नेबेसिमु. बाल्टिक (लिथुआनियन वगैरे) आणि जर्मॅनिक (जर्मन वगैरे) भाषाही ‘म’वाल्या गटात आहेत. हा भेद इतका जुना आहे की मूळ भाषेतच बोलींचे दोन गट होते की काय, यावर अजून वाद चालतो.

दुसरी गंमत सप्तमीची. ‘नेबेसिखु’मधला ‘खु’ म्हणजे संस्कृतातला ‘सु’च: नभःसु, अग्निषु, देवेषु. संस्कृतात इ, उ, र, क यांच्यानंतर स-चा ष होतो. शाळेत ‘अग्निसु’ नव्हे ‘अग्निषु’ म्हणून घोकलेलं आठवत असेल. अगदी त्याच जागी स्लावमध्ये स-चा ‘ख’ होतो. डॅनिश पंडित होल्गर पेडरसन यांनी १८९५ मध्ये स्लावमधला हा नियम मांडला. आता ‘नेबेसिखु’ नीट बघा. एका शब्दात दोन स होते. पहिला ए-नंतर आहे, म्हणून तसाच राहिला. दुसऱ्याच्या आधी इ आहे, म्हणून त्याचा ‘ख’ झाला. नियम एकाच शब्दात दोन्ही बाजूंनी सिद्ध!

चाणाक्ष वाचक विचारेल, हा ‘इ’ तरी तिथे काय करतोय? नभस्-मध्ये इ नाही. बरोबर. तो इकारान्त नामांकडून उसना आणलेला आहे. ‘स्’ला थेट ‘मु’ किंवा ‘खु’ चिकटवणं स्लावांच्या जिभेला जड गेलं, म्हणून शेजारच्या घरातून एक स्वर मागून आणला. तृतीयेतल्या ‘नेबेसिमि’तला इ-सुद्धा तसाच.

‘नभोवाणी’मधलं ‘नभो’ आणि ‘नेबो’ हे तर जवळपास तेच रूप झालं ना?

कानाला तसं वाटतं, आणि हा मोह आवरायला हवा. दोन्हींचं मूळ एक, पण दोन्हीकडचा ‘ओ’ वेगळ्या वाटेने आलेला आहे. संस्कृतातला ‘ओ’ संधीचा: नभः + वाणी, विसर्गापुढे मृदू व्यंजन आलं म्हणून ‘अः’चा ‘ओ’. पुढे कठोर व्यंजन असतं तर तो झाला नसता: ‘नभस्तल’ म्हणतो, ‘नभोतल’ नव्हे. स्लावमधला ‘ओ’ मूळ भाषेतल्या ‘ओ’चाच वंशज आहे, त्याला पुढच्या शब्दाशी देणंघेणं नाही.

तिथेही एक गाठ आहेच. पुल्लिंगी नामांत हाच ‘-ओस्’ शेवट स्लावमध्ये ‘उ’ झाला. लांडग्याचा शब्द बघा: संस्कृत ‘वृकः’, आदि-स्लाव ‘विल्कु’. मग नपुंसकात तो ‘ओ’ का राहिला? ‘ते’ या अर्थाच्या ‘तो’ या नपुंसक सर्वनामाच्या संगतीने, असं काही जण म्हणतात. सगळ्यांना पटलेलं उत्तर नाही.

म्हणजे स्लाव भाषा संस्कृतमधून निघाल्या, असं म्हणता येईल का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षातून दोनदा तरी तशी यादी फिरते, आणि तिच्यात ‘नभ-नेबो’ हमखास पहिल्या पाचांत असतं. पण नेमका हाच शब्द त्या दाव्याविरुद्ध साक्ष देतो.

‘नभस्’मध्ये दोन स्वर आहेत, दोन्ही ‘अ’. स्लावमध्ये पहिला ए, दुसरा ओ. ग्रीक ‘नेफोस’मध्येही पहिला ए, दुसरा ओ. स्लाव आणि ग्रीक दोघांनी संस्कृतातून शब्द उचलला असेल, तर कुठल्या ‘अ’चा ए करायचा आणि कुठल्याचा ओ, हे दोघांनी स्वतंत्रपणे एकसारखंच कसं ठरवलं? सरळ उत्तर असं की मूळ भाषेत ए आणि ओ वेगळे होते, संस्कृताने ते ‘अ’मध्ये एकत्र केले. एकदा मिसळलेलं दूध-पाणी पुन्हा वेगळं काढता येत नाही.

उलट बाजूही पाहा. ‘भ’मधला महाप्राण संस्कृताने जपला, स्लावांनी घालवला. त्यामुळे ‘नेबो’वरून ‘नभस्’सुद्धा निघणार नाही. एकाने व्यंजन सांभाळलं, दुसऱ्याने स्वर. दोघी बहिणी आहेत. आई दोघींपैकी कोणीच नाही.

मूळ अर्थ आकाश की ढग?

बहुधा ढग, धुकं, वाफ, ओल. ग्रीक ‘नेफोस’ म्हणजे ढग. लॅटिन ‘नेब्युला’ आणि जर्मन ‘नेबेल’ म्हणजे धुकं. ऋग्वेदात ‘नभस्’चा अर्थ पुष्कळदा धुकं, मेघ असाच लागतो, ‘आकाश’ हा अर्थ नंतर बळावला. पावसाळ्यातल्या दोन महिन्यांची, म्हणजे श्रावण-भाद्रपदाची, वैदिक नावं ‘नभस्’ आणि ‘नभस्य’ होती. ढगांचा महिना! निरभ्र आकाशावरून कोणी श्रावणाला नाव देणार नाही.

याच धातूच्या आखूड रूपापासून ‘अभ्र’ आला, आणि फारसीतला ‘अब्र’ त्याचा सख्खा भाऊ. मराठी विज्ञानलेखक नेब्युलाला ‘अभ्रिका’ म्हणतात तेव्हा ते नकळत एकाच घरातल्या दोन शब्दांची गाठ घालून देतात.

मात्र सगळे साक्षीदार ढगाकडून बोलत नाहीत. आजच्या तुर्कस्तानात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत ‘नेपिश’ म्हणजे चक्क आकाश, आणि तेही सकारान्त नपुंसकलिंगी नाम. हित्ती ही इंडो-युरोपीय भाषा आहे हे १९१५ साली बेद्रिख ह्रोझ्नी यांनी दाखवून दिलं. ते मूळचे चेक. मातीच्या विटेवर ‘नेपिश’ वाचताना त्यांना घरचं ‘नेबे’ आठवलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

ढगाचं आकाश होणं परदेशी वाचकाला समजावून सांगावं लागतं. मराठीत एक वाक्य पुरे: ‘आभाळ आलंय.’ आकाश कुठून येणार? ते तिथेच असतं. आलेत ते ढग. आणि ‘आभाळाला हात टेकले’ म्हणताना तोच शब्द आकाश होतो. अर्थाचा जो प्रवास स्लावांनी पूर्ण केला, तो आपण ‘आभाळ’ शब्दात दोन्ही टोकं धरून बसलो आहोत.

लिथुआनियनमध्ये ‘देबेसिस’ आहे. ‘न’चा ‘द’ कसा?

इथे तज्ज्ञांचं जमत नाही. आकाशासाठी त्या भाषेत ‘दांगुस’ हा दुसरा शब्द आहे. त्याच्या संगतीने ‘न’ बिघडला, हे एक मत. पण हित्तीची बहीण लूवियन हिच्यातही आकाशाला ‘तप्पश’ म्हणतात, म्हणजे तिथेही न-ऐवजी त-दसारखा, जीभ दातांना टेकवून म्हटलेला आवाज. दोन्हीकडे योगायोग, की मागे काही जुनं कारण?

अर्थाच्या बाजूने मात्र हा शब्द फार बोलका आहे. लिथुआनियन ‘देबेसिस’ म्हणजे ढग. सीमा ओलांडून लॅटव्हियात गेलात की ‘देबेस’ म्हणजे आकाश.

‘नेबो’ आकाशाला दिलं, मग स्लावांनी ढगाला काय म्हटलं?

‘ओब्लाकु’. ‘ओब’ म्हणजे भोवती, पुढचा भाग ‘ओढणे’ या क्रियापदाचा: भोवती ओढून घेतलेलं, पांघरूण. पावसाने भरलेल्या काळ्या ढगाला रशियनमध्ये ‘तूचा’ हा वेगळा शब्द आहे, पोलिशमध्ये ढग ‘ख्मुरा’.

‘नाभी’, नेबो पर्वत, नेपच्यून: यांचा काही संबंध?

नाभीचा नाही; तिचा धातू वेगळा. जॉर्डनमधल्या नेबो पर्वताचाही नाही, ते सेमिटिक नाव आहे. नेपच्यूनला काही जण ‘ओल’ या अर्थावरून इथे जोडतात, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

आजच्या स्लाव भाषांत ‘नेबेस-’ किती उरलं आहे?

एकवचनातून जवळपास पुसलं गेलं. लोकांनी ‘नेबो’ ऐकलं, ओकारान्त नपुंसक नामं ढिगाने होती, त्यांच्याच साच्यात हेही घातलं. रशियन आणि सर्बियनमध्ये षष्ठी आता ‘नेबा’, पोलिशमध्ये ‘न्येबा’. चेकने ‘नेबे’ करून त्याला ‘मोर्झे’, म्हणजे समुद्र, याच्या रांगेत बसवलं.

या नामाच्या नातलगांत ही पडझड फार लवकर सुरू झाली होती. शब्द या अर्थाचं ‘स्लोवो’ (आपलं ‘श्रवस्’) आणि शरीर या अर्थाचं ‘तॅलो’ यांची जुनी सकारान्त आणि नवी सोपी रूपं चर्च-स्लाव हस्तलिखितांतच शेजारीशेजारी दिसतात.

सर्वांत विचित्र वागली ती स्लोव्हेनियन. तिने जुना ‘एस’ इतका जपला की जिथे तो मुळात नव्हता तिथेही घातला: पीस या अर्थाच्या ‘पेरो’ची षष्ठी ‘पेरेसा’. आणि ज्याचा त्यावर हक्क होता त्या ‘नेबो’ची षष्ठी? ‘नेबा’. दुसऱ्यांना वाटून स्वतः उपाशी!

अनेकवचनात ‘नेबेसा’ बहुतेक ठिकाणी टिकलं, पण त्याला सोवळं चढलं. रशियन ‘नेबो’ रोजचं आकाश, ‘नेबेसा’ कवितेतलं किंवा देवाचं. टिकण्याचं एक कारण प्रार्थना. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या ख्रिस्ती प्रार्थनेत स्वर्ग अनेकवचनी सप्तमीत येतो आणि रशियन चर्चमध्ये तो अजून ‘ना नेबेसेख’ असाच म्हटला जातो. तक्त्यातलं ‘नेबेसिखु’ ते हेच. रोज म्हटला जाणारा शब्द लवकर झिजत नाही.

विशेषणांतही ‘एस’ सापडतो. रशियन ‘नेबेस्नी’ म्हणजे आकाशातलं, स्वर्गीय. पोलिश ‘न्येब्येस्की’ म्हणजे स्वर्गीय आणि निळासुद्धा. आपल्या ‘आकाशी’ रंगासारखंच.

रशियनमध्ये टाळूलाही हाच शब्द आहे का?

हो, थोड्या फरकाने: ‘न्योबो’. तोंडाचं आकाश म्हणजे टाळू. रशियनमध्ये आघात असलेल्या ए-चा कठोर व्यंजनापूर्वी ‘यो’ होतो, त्यामुळे खरं तर आकाशही ‘न्योबो’च व्हायला हवं होतं. पण त्यावर चर्चची भाषा सतत कानावर पडत होती, म्हणून तो जुन्या ‘ए’सकट उरला. टाळूबद्दल पाद्री प्रवचन देत नाहीत, त्यामुळे तो शब्द घरच्या नियमाने गेला.

मराठीतल्या आणखी एखाद्या आकाशाचा स्लाव नातलग आहे?

‘अस्मान’. अस्मानी-सुलतानी म्हणताना वापरतो तो फारसी शब्द. जुन्या इराणी ‘अस्मन्’चे अर्थ दोन, दगड आणि आकाश, आकाश म्हणजे दगडी छत अशी कल्पना दिसते. संस्कृत ‘अश्मन्’ मुख्यतः दगडावर थांबला. स्लावमधलं ‘कामी’, म्हणजे दगड, याच कुळातलं, आणि रशियन ‘कामेन’ त्यापासून. त्यातला ‘क’ मात्र अपेक्षेबाहेरचा आहे, तिथे ‘स’ यायला हवा होता.

गगनचुंबी इमारतीच्या नावात ‘नेबो’ येतो का?

भाषेवर आहे. रशियन ‘नेबोस्क्र्योब’, बल्गेरियन ‘नेबोस्तर्गाच’, क्रोएशियन ‘नेबोदेर’: सगळे आकाश खरवडतात किंवा फाडतात. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, १९३३ साली १३ मजली इमारत उघडली, तिचं नावच ‘नेबोतिच्निक’, आकाशाला टेकणारी. पण चेक ‘म्राकोद्राप’, पोलिश ‘द्रापाच ख्मुर’ आणि युक्रेनियन ‘ख्मारोचोस’ यांच्या इमारती आकाशापर्यंत पोचत नाहीत, त्या ढग खरवडतात. जर्मनमध्येही ढगच आहे, आणि चेक-पोलिशांना तो शेजार फार जवळचा.